चिरागचा चाफा

दुसऱ्याचं चांगलं झालेलं आत्मारामाला बघवत नसे, असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याला फक्त चिरागचं बघवत नसे. चिराग त्याचा चुलतभाऊ, बारा वर्षांनी लहान. भुईगावात दोघांच्या वाड्या कुंपणाला कुंपण लागून. माती तीच, पाणी तेच. पण दादरच्या फूलबाजारात चिरागचा सोनचाफा हातोहात उचलला जायचा आणि आत्मारामाचा दुपारपर्यंत पडून राहायचा. वारा तिकडून आला, की त्या वासाने याचं डोकंच उठायचं.

अशा आत्मारामावर जबरी चोरीचा गुन्हा दाखल झाला. पहाटे वाडीत शिरून चाकू दाखवला आणि गळ्यातली सोन्याची साखळी हिसकावली, अशी चिरागची फिर्याद. आत्माराम म्हणे, मी तिथे नव्हतोच.

पोलीस कधी उचलतील याचा नेम नव्हता. तरी वकील शोधताना गडी आधी विचारी, "चिरागने कोण लावलाय?" फिर्यादीची बाजू सरकारी वकीलच मांडतो हे कळलं, त्या दिवशी तो जेवला नाही. "बघ, इथेपण त्याचंच नशीब!"

एका वकिलाने सुचवलं, तुम्ही त्या दिवशी शिर्डीला होतात असं सांगू. आत्मारामाला तो फार आवडला. पण बायकोने, विमलाने, त्याला ओढत टिफनी वकीलबाईंकडे नेलं. वसई कोर्टात त्या दहा वर्षं फौजदारी खटले चालवत होत्या.

"काका, खरं सांगा. गेला होतात?"

आत्माराम छताकडे बघत बसला. विमलाने थैलीतून चाफ्याचं कोवळं कलम काढून टेबलावर ठेवलं. "ह्याच्यासाठी गेलते. त्याच्या झाडाची काडी कापायला."

आत्माराम लाजेने लालबुंद झाला. "बाई, चोर म्हणा, पण हे कोर्टात नको. भुईगाव हसेल. चिराग हसेल!"

"जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, काका. जळण्याला नाही."

मग त्याने सांगितलं. चाकू काडीसाठीच होता. चिरागने मागून धरलं, झटापट झाली, हा पळाला. साखळी त्याने पाहिलीही नव्हती. झाड कुठलं? विहिरीजवळचं तिसरं.

टिफनीबाईंनी अर्जात सगळं लिहिलं. पोलिसांनी पंचांसमोर त्या झाडाखालचा पाला उकरला, तर तुटलेली साखळी तिथेच. अटकपूर्व जामीन मिळाला. मात्र त्याआधी भर कोर्टात वाचलं गेलं, की अर्जदार चुलतभावाच्या फुलांवर जळत होता. आत्मारामाला वाटलं, यापेक्षा कोठडी परवडली असती.

बाहेर चिराग वाट बघत होता. "दादा, चुकलं माझं. मला वाटलं साखळी तूच नेलीस." मग विमलाच्या हातातलं कलम त्याने निरखून पाहिलं आणि त्याला हसू आवरेना. "अरे, खुंटावर चाफा बांधतात ना, त्या जोडाच्या खालची ही फूट! अंधारात रानटी खुंटाचीच काडी कापलीस. हिला माझ्यासारखं फूल कसं येणार? उद्या ये, चांगली काडी देतो."

चिरागने चोर म्हटलं तेव्हा झोंबलं नव्हतं इतकं हे झोंबलं. "नको मला तुझं काही," आत्माराम म्हणाला आणि ताडताड चालू लागला.

घरी पोचेपर्यंत त्याने विमलाला तीनदा विचारलं, "उद्या म्हणजे किती वाजता म्हणाला तो?"