लुगड्याची मोठी गोधडी

देवावर माझा विश्वास होता, पण तो परीक्षेला निघताना हातावर दही घ्यावं इतपतच. शेणवे गावच्या शाळेत मी विज्ञान शिकवायची. लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस राहिले आणि चौथ्या महिन्यात कल्याणला सोनोग्राफी केली. डॉक्टरीणबाई पडद्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. बाळाच्या मानेमागची कातडी जाड दिसतेय म्हणाल्या, मुंबईला जाऊन गर्भजल तपासून घ्या. तिथे पोटात सुई घालून पाणी काढलं आणि रिपोर्टला तीन आठवडे लागतील असं सांगून घरी पाठवलं. ते दिवस मी नुसती धुमसत होते. सगळ्यांवर चिडायची, देवावर सगळ्यात जास्त.

घरात आणखी एक घोळ झाला. आमच्याकडे गर्भजल तपासणी म्हणजे मुलगा की मुलगी बघणं, एवढंच माणसांना ठाऊक. सासूबाईंनी माझ्याशी बोलणंच टाकलं. मग एक दिवस चुलीपाशी म्हणाल्या, "पोरगी असली तर पाडनार काय गो? मी हाय ना सांभालायला!" हसावं की रडावं कळेना. मी सगळं सांगून टाकलं, की बाळ मतिमंद असेल अशी शंका आहे. त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

दुसऱ्या दिवशी मी, मुलांना अंधश्रद्धेचा धडा शिकवणारी बाई, गावदेवीला कौल लावायला गेले. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर बाळ धड, डावी पडली तर नाही. तासभर बसले, एकही हलली नाही. गुरव म्हणाला, "बाय, आज देवी बोलत नाय. तू घरी जा." हिनेही हात वर केले, असं मनात म्हणत मी उठले.

पाय आपटत घरी आले तर सासूबाई ओटीवर गोधडी शिवत बसलेल्या. आमच्याकडे जन्माआधी बाळाचं चिरगूटही शिवत नाहीत, आणि त्यांनी आपलं लग्नातलं लुगडं फाडलं होतं. गोधडी चांगली मोठ्या माणसाला पुरेल एवढी.

"आई, बाळाला एवढी मोठी?"

"असू दे गो," मान वर न करता त्या म्हणाल्या. "तसलं पोर लय दिवस आईजवल निजतं. पुरली पायजे."

मी तिथेच बसून पोटभर रडले. देवीने मला घरी का धाडलं, ते मला कळलं. तुम्ही त्याला योगायोग म्हणा, माझी हरकत नाही.

रिपोर्टात शंका खरी निघाली. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं आणि निर्णय तुमचा म्हणाल्या. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. "ठेवायचं," मी म्हटलं, आणि माझा आवाज कापला नाही. दुसरीने वेगळं ठरवलं तर मी तिला नावं ठेवणार नाही. तिच्या ओटीवर कुणी गोधडी शिवत बसलेलं नसेल.

मुलगीच झाली. उशिरा चालली, उशिरा बोलली, आणि आजीला मात्र सगळ्यात आधी हाक मारली. सासूबाईंना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. गावदेवीपुढे मी अजून जाते, हात जोडते, विचारत काहीच नाही. लेक माझ्या खांद्याला लागली आहे. अजून माझ्याजवळच निजते, आणि गोधडी तिला पुरते.