फरशीजवळची हवा

“केमिकल न्यूमोनायटिस आहे,” एक्स-रे उजेडाला धरून डॉक्टर म्हणाले. माझा चेहरा पाहून त्यांनी सोपे करून सांगितले. विषारी वायू श्वासातून आत गेला, त्याने फुप्फुसे आतून पोळली, आता तिथे सूज आहे.

पलंगाच्या पायथ्याशी माझी धाकटी जाऊ दर्शना उभी होती. आम्ही दोघी एकाच हॉटेलात साफसफाईच्या कामाला. त्या दिवशी एकाच बाथरूममध्ये होतो, एकाच धुरात. तिला थोडा खोकला आला आणि थांबला. ती नाकाने शांत श्वास घेत होती. माझ्या नाकात ऑक्सिजनची नळी होती. मला आधी भीती वाटली नाही. तिचा हेवा वाटला.

मीच का, हे मी विचारले नव्हते. तरी डॉक्टरांनी सांगितले. “ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड, खाली साचतो. तुम्ही गुडघ्यांवर बसून फरशी घासत होता. या उभ्या राहून आरसा पुसत होत्या.”

आरसा मी घेतला असता तर! हा एकच विचार मी दिवसभर चघळत राहिले.

मी इब्रामपूरची, लग्नानंतर पेडण्याची. आईबाबांनी काजूच्या बागेत राबून मला बी.ए. केले. घरातली पहिली पदवी माझी. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पण घरची एक सवय पदवीनेही सुटली नव्हती. आमच्याकडे रिकाम्या बाटलीत खोबरेल, फेणी, फिनेल काहीही भरतात. नाव कोणी लिहीत नाही. बूच काढायचे, वास घ्यायचा, कळते. हॉटेलच्या स्टोअरमध्येही मोठ्या कॅनमधले पाण्याच्या बाटल्यांत असेच भरून ठेवत, आणि आम्हाला त्यात वावगे वाटत नसे.

त्या दिवशी पिवळे डाग काढायला मी फरशीवर ॲसिड टाकले होते. त्याच्या वासाने नाक भरून गेले होते. साबणाचे पाणी समजून दुसरी बाटली ओतली. ते ब्लीच होते.

हिरवट धूर उठला. दर्शना ओरडली, “वयनी, ऊठ! भायर चल!” मी मात्र वाकूनच राहिले, पाणी टाकून धुऊन काढू म्हणून. तिने काखेत हात घालून मला दाराबाहेर ओढले.

म्हापशाच्या इस्पितळात मला उताणे झोपता येत नसे. उशांना टेकून बसून रात्र काढायची. शेजारच्या पलंगावर नार्व्याची एक आजी होती. ती घोरायची. बाकीच्या बायका वैतागत, मला त्या घोरण्याचाही हेवा वाटे. केवढा मोठा श्वास, आणि झोपेत, फुकट!

घरी सोडल्यावर स्पायरोमेट्रीला बोलावले. नळीत जोराने फुंकायचे, त्यावरून फुप्फुसांची ताकद कळते. “फुंका, फुंका, आणखी!” सिस्टर म्हणत होत्या. माझी फुंकर मध्येच विरली आणि खोकला आला. मला रडू फुटले. आमच्या वाड्यावर चवथीला गणपतीपुढे फुगडी घालतात. शेवटी फेर वेगात आला की बायका तोंडाने ‘फू’ करतात. लग्न होऊन आल्यापासून ती फू धरायचा मान माझा.

“यंदा चवथीला फुगडी घालू ना?” मी डॉक्टरांना विचारले.

“यंदा नको. श्वासनलिका हळव्या झाल्यात. हळूहळू सुधाराल, पण घाई करू नका.”

चवथीला मी दाराशी पाटावर बसले. माझ्या जागी दर्शना. साडी खोचून ती काय फिरली! मला तिच्याकडे बघवेना. उठून आत जाणार, तेवढ्यात तिने फेर थांबवला.

“वयनी, गाणा तू म्हण. माझो आवाज म्हशीन रेंकल्यासारखो.”

“म्हशीक कित्याक नावां ठेवतंस गे?” कोणीतरी म्हणाले, आणि सगळ्या हसल्या.

“माका दम पुरना,” मी म्हणाले.

“पुरना जाल्यार थांब. आमी थांबतांव. पळून खंय जातंव?”

मी बसूनच म्हटले. एक ओळ, मग श्वास. बायका तेवढा वेळ जागच्या जागी पाय टाकत राहिल्या. माझा श्वास भरला की पुन्हा फेर चाले. शेवटी फू झाली, ती त्यांची. छातीत कळ आली, पण मी उठून आत गेले नाही.

आता मी पुन्हा कामावर जाते. प्रत्येक बाटलीवर नाव लिहिलेले असते. ब्लीच आणि ॲसिड आम्ही एका कपाटातही ठेवत नाही. हे काम करणाऱ्या माझ्या बहिणींनो, बाटलीवर नाव नसेल तर ती वापरू नका, आणि कशातच काही मिसळू नका. डोळे चुरचुरले, घसा आवळला, तर आधी उभ्या राहा आणि बाहेर पडा. फरशी तशीच राहू दे.

अजून जिना चढताना मी मध्ये थांबते. दर्शना बाल्दी घेऊन भराभर वर जाते आणि वरून विचारते, “हेवो वाटता मा गे?”

“वाटता,” मी म्हणते.

मी पोचेपर्यंत तिने बाथरूमची खिडकी सताड उघडलेली असते.