घोषणेला बंद पडणारी बुलेट

आमच्या वॉर्डातल्या जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे बाबांची जुनी बुलेट असायची. निळा झेंडा बांधलेली, माणसाच्या चालीनं डुगडुगत जाणारी. गेल्या वर्षी तिनं ऐन निघताना उलटी किक मारली आणि बाबांचा गुडघा टम्म सुजला. आईनं निकाल देऊन टाकला, "आता एक किक उलटी बसली का गाडी भंगारात."

पुढं राहण्याचा मान बाबांना सोडवत नव्हता. मी म्हटलं, स्पार्क पाडणारे जुने पॉइंट काढा, इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डबा बसवा. स्पार्क फार लवकर पडला की किक उलटी येते. जुन्या पॉइंटचं टायमिंग सरकत राहतं. नवा डबा ते धरून ठेवतो, इंजिन हळू असताना स्पार्क उशिरा, वेग वाढला की लवकर. किरनापूर रोडवरच्या मिस्त्रीनं टायमिंग लाइट लावून पुन्हा पुन्हा तपासलं. "अब बच्चा भी किक मारेगा," म्हणाला. बाबांनी चपलेनं हलकीच किक मारली आणि गाडी लागली. तिथेच बाबा हवेत गेले.

दरवर्षी भोंगा हातगाडीवर असायचा, त्याची बॅटरी वेगळी. यंदा बाबांनी तो बुलेटवरच चढवला आणि तार थेट गाडीच्या बॅटरीला जोडली. माइक स्वतःच्या हातात.

"बाबा, डब्याले करंट कमी पडंन."

"काहून? आता तं नवीच झाली गाडी!"

मिरवणूक निघाली. बाबांनी पहिली घोषणा दिली. भोंगा गरजला, इंजिन गप्प. मागचे एकमेकांवर आदळले. बाबांनी किक मारली, गाडी थोडी पुढं गेली, दुसरी घोषणा, पुन्हा गप्प. चौकापर्यंत लोकांना सवयच लागली. घोषणा झाली की थांबायचं, टाळ्या वाजवायच्या, गाडी लागली की चालायचं. बघणाऱ्यांना वाटलं, यंदा काहीतरी कवायत बसवली आहे. एका काकांनी तर मला विचारलं, "कोनं शिकवलं हे? लय भारी आहे." मला रडावं की हसावं कळेना.

बॅटरी उतरत गेली तसं टायमिंगही भरकटलं. चौकातच किक उलटी आली आणि बाबांच्या पोटरीला चाटून गेली.

आईनं ते पाहिलं. बायकांच्या रांगेतून ती तरातरा पुढं आली. बाबांनी माइक खाली घेतला. संपलं, गेली बुलेट, मी मनात म्हटलं. आईनं चावी काढून कमरेला खोचली, मागं गेली आणि कॅरियरला दोन्ही हात लावले.

"बसूनच राहा. पाय वर घ्या," ती म्हणाली. "तुमी बोला, आमी लोटतो."

मग मागं वळून बायकांवर ओरडली, "काहून राह्यल्या पाहात? या ना!"

बाबांनी माइक पुन्हा तोंडाशी धरला आणि खणखणीत घोषणा दिली. मला आईचा असा अभिमान वाटला की मीही धक्का मारायला लागले. तिथून शेवटपर्यंत बुलेट सगळ्यांच्या पुढं होती, आणि एकदाही बंद पडली नाही.