एक्कावन्न पत्ते

'समजा, बावन्न पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता काढला.' दहावीच्या पुस्तकातल्या या वाक्याने माझं डोकं फिरतं. समजा कशाला? काढा ना. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात कॅट मिळतो. पण आमच्या मुलुंडच्या शाळेत मुलं वर्षानुवर्षं नुसतं समजतच आली, आणि बीजगणितात उडत आली.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, कायम उडणाऱ्यांतली. समीकरण दिसलं की तिचा चेहराच उतरायचा. तिची आई मॉलमध्ये साफसफाईच्या कामाला. पालकसभेत तिने मला स्वच्छ सांगितलं, "बाई, ही बोर्डात उडाली की मी हिला मावशीच्या पार्लरमध्ये बसवणार. क्लास मला परवडत नाही, आणि परत परत परीक्षा द्यायला हिला घरात ठेवणारही नाही." मुलगी शेजारी उभी राहून बुटाने फरशी घासत होती. मी मनाशी ठरवलं, हिला वर्गसमीकरणं जमली नाहीत तर गेली उडत, पण संभाव्यता आणि सांख्यिकी हे दोन धडे पक्के करून घ्यायचे. तेवढ्यावर ही काठावर तरी निघेल.

म्हणून मी घरचा कॅट शाळेत नेला. जुना, कडा मऊ पडलेला. त्यातली चौकटची सत्ती कधीच हरवली होती. मी एका जोकरवर लाल पेनाने सात चौकटी काढून तिची सोय केली होती, त्यातली एक चौकट वाकडी आली होती.

मुलीने पत्ते बाकावर मांडले. लाल एकीकडे, काळे एकीकडे, मग राजा-राणी-गुलाम वेगळे. बराच वेळ बघत राहिली.

"बाई, म्हणजे खाली लिहायचं सगळे किती ते, आणि वर लिहायचं मला हवेत ते किती. एवढंच?"

"एवढंच गं."

"मग पुस्तकात इतकं गोल गोल का लिहिलंय?"

मला इतका आनंद झाला की हातात पत्त्यांचा पंखा धरलेला तिचा फोटो मी पालकांच्या ग्रुपवर टाकला. तिथेच वाट लागली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर पालक-शिक्षक संघाचे उपाध्यक्ष बसलेले, कपाळावर ठसठशीत गंध. म्हणाले, "मॅडम, आमच्या घरात पत्त्याला कोणी हात लावत नाही. शाळेत जुगार शिकवणार तुम्ही? संस्कार म्हणून काही असतं की नाही?" मी पुस्तक उघडून दाखवलं, बोर्डाचाच धडा आहे म्हटलं. तर म्हणे, "पुस्तकातलं पुस्तकात राहू द्या." सरांनी नुसता हात पुढे केला. कॅट त्यांच्या ड्रॉवरमध्ये गेला. "पालकांच्या भावना असतात मॅडम. वर्ष संपलं की न्या."

नाकाने कांदे सोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण यांच्यामुळे एका मुलीचं वर्ष जाणार होतं, आणि त्याचं त्या केबिनमध्ये कुणालाच काही नव्हतं. मी पदरचे पैसे घालून दुसरा कॅट आणला असता, पण सरांनी सरळ बजावलं, पुन्हा वर्गात पत्ता दिसता कामा नये. मग आम्ही परत 'समजा'वर आलो. तिने घरी पत्ते कधी पाहिलेले नाहीत, वर्गात बघितले ते जेमतेम एक दिवस. चाचणीत मुलीने लाल पत्ते तेरा लिहिले. मला म्हणाली, "बाई, हातात होते तेव्हा येत होतं हो." मी दोनदा सरांकडे जाऊन आले. दोन्ही वेळा उत्तर एकच, "बघू."

सरांकडे पाच दिवसांचा गणपती, चेंबूरला. सगळ्या स्टाफने दुपारी जायचं हे ठरलेलंच. दर्शन झालं, हातात मोदकाची बशी आली. आतल्या खोलीतून हसण्याचे आवाज येत होते. सरांच्या मिसेस म्हणाल्या, "आतच बसलेत सगळे, या ना."

आत सतरंजीवर तीन पत्तीचा डाव रंगात आलेला. सर, त्यांचे दोन मेव्हणे, आणि मांडी घालून बसलेले उपाध्यक्ष. गंध तेच. मध्ये नोटांचा ढीग. एका मेव्हण्याने पत्ते उघडून टाकले, त्यात चौकटची सत्ती. वाकड्या चौकटीची.

उपाध्यक्षांना काडीची लाज नाही. "या मॅडम. गणपतीत चालतं, जागरणाची पद्धतच आहे आपल्यात."

"दुपारचे तीन वाजलेत," मी म्हटलं.

मी विनोद केल्यासारखे सगळे हसले. सर म्हणाले, "बसा ना, तुमचा तर विषय आहे."

मला शिसारी आली. पत्त्यांची नाही. लहानपणी आम्ही भावंडं सुट्टीभर मेंढीकोट कुटायचो. शिसारी आली ती त्या हसण्याची.

"सर, हा कॅट माझा आहे. उद्या दहावीवर तास आहे. द्या तो."

"अहो, डाव तरी संपू दे."

"संपवा. मी थांबते."

मी दारातच उभी राहिले. तो डाव उपाध्यक्षांनीच मारला, "बाप्पाची कृपा" म्हणत नोटा ओढल्या. बाकीचे कॉफीला उठले तरी हे जागचे हलले नाहीत, म्हणे पायाला मुंग्या आल्यात. बसल्या बसल्याच पत्ते गोळा करून माझ्या हातात दिले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाचं दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं. मुलीने चार रांगा लावल्या, मोजल्या, परत मोजल्या.

"बाई, एक्कावन्नच आहेत. बदामचा एक्का नाही."

मला ती न हललेली मांडी आठवली.

"बाई, कॅट होता कुठे इतके दिवस?"

मी तिला खरं ते सांगितलं. कुठे होता, काल कोण खेळत होतं, आणि शेवटी माझ्या हातात कुणी दिला. तिने बदामच्या रांगेच्या टोकाला बोट ठेवलं. विचारलं, "मग खाली बावन्न लिहू की एक्कावन्न?"

"परीक्षेत बावन्न लिही. तिथे कॅट पुरा असतो."

त्यानंतर कॅट वर्गात राहिला. सरांनी हटकलं नाही. कुठल्या तोंडाने हटकणार?

ती पास झाली. काठावर, पण झाली. शाळेने पास झालेल्या सगळ्या मुलांना बोलावून गुलाबाचं फूल दिलं, उपाध्यक्षांच्या हस्ते. त्याआधी त्यांनी संस्कारांवर भाषण ठोकलं. मी मागच्या रांगेत दात आवळून बसले होते. मुलीचं नाव पुकारलं, ती स्टेजवर गेली, फूल घेतलं, आणि तिथे जरा जास्तच वेळ उभी राहिली. खाली उतरून सरळ माझ्याकडे आली.

"बाई, मी त्यांच्याकडे एक्का मागितला."

"मग?"

"शेजारी उभ्या सरांकडे बघत राहिले."