वाचताना गाळलेला शब्द

पारस गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅसवर नूडल्स उकळत ठेवले होते. त्याच्यासाठीच. नाटकात हुकमी हुंदका काढणारा मी, नूडल्सचा लगदा होईपर्यंत नुसता बघत उभा राहिलो…

जुन्या जालन्यात धान्याचं दुकान असलेला पारस माझा शाळेपासूनचा दोस्त. घर जैन, कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत आला नव्हता. काही वर्षांपूर्वी व्यापारी मंडळींसोबत तो बँकॉकला गेला. बरोबर स्वयंपाकाला महाराज आणि खाकऱ्याचे डबे. पारस रोज संध्याकाळी रस्त्यावरच्या नूडल्सच्या गाडीपाशी उभा राहून वास घ्यायचा आणि हॉटेलात येऊन खाकरा खायचा. हे तोच सांगायचा, गाडीवालीच्या झाऱ्याच्या आवाजासकट. मी ती गोष्ट चोरली आणि त्याच्यादेखत जास्त रंगवून सांगू लागलो.

मग कॅन्सर निघाला. औषधांनी नाकाला वास येईनासा झाला, वरण-भात मातीसारखा लागू लागला. वजन झरझर उतरलं. डॉक्टर म्हणाले, मागतील ते खाऊ घाला. त्याने त्या गाडीवरचे नूडल्स मागितले. मी थाई सॉसची तयार बाटली आणली, हिरव्या ठिपक्याची. पण हिरवा ठिपका लसणाबद्दल काही बोलत नाही. पारसला बारीक अक्षरं दिसेनाशी झाली होती. त्याने बाटली माझ्या हातात दिली. "वाच."

मी उभा राहिलो आणि रंगमंचावरच्या आवाजात सुरू केलं: पाणी, साखर, चिंच, मीठ, मिरची… लसूण तेवढा गिळला.

खरं सांगतो, तेव्हा मला मजा वाटली. चिंचेचा आंबटपणा जिभेला लागला तसे पारसने डोळे मिटले आणि वाडगा संपवला. कितीतरी दिवसांनी. मग मी घरून डबाच नेऊ लागलो.

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी जैन माणसं एकमेकांची क्षमा मागतात. पारसने उशीला टेकून मला हात जोडले. "वर्षभरात तुझं मन दुखावलं असंल तर माफ कर." मग माझ्याकडे बघतच राहिला. "तुला न्हाई मागायची?"

सांगितलं असतं तर त्याने त्या वाडग्याला पुन्हा हात लावला नसता. मी म्हणालो, "माझं काय, मी तर देवमाणूस." तो हसला. त्या दिवशी त्याने कुणाचं न ऐकता उपवास धरला होता. दुसऱ्या सकाळी तो सोडला माझ्या नूडल्सवर. वाढले मीच.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी मी त्याच्या बायकोला, सुशीलाभाभींना, सगळं सांगितलं. त्या मूग निवडत होत्या. हात थांबला नाही.

"डब्बा मीच घासत होते न, भाऊजी. पहिल्याच दिवशी कळलं."

"मंग बोलल्या का न्हाई?"

"ते जेवून राह्यले होते."

पारसला कळलं होतं का, हे विचारल्यावर मात्र त्यांनी निवडलेले मूग पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतले… त्याने खाल्लेल्या प्रत्येक वाडग्यामागे एक दिवस, असं प्रायश्चित्त भाभींनी धरलं होतं: दिवसातून एकदाच जेवायचं, तेही तेल, तूप, मसाल्याशिवाय. अजून बरेच दिवस उरले होते. मी म्हणालो, अर्धे मला द्या.

आता मी दुपारी त्यांच्याकडे जातो. कोरा भात, उकडलेले मूग. पारसच्या पलंगासमोर ताटं मांडतो. मी गोष्टी सांगत नाही, भाभी विचारत नाहीत. घास मातीसारखा लागतो. तो संपवायचा असतो.