पहिलं डिझेल आणि गरम पाणी

कारंज्याच्या छोट्या लाइनवर पहिलं डिझेल इंजिन नेमकं कधी आलं, यावर जगाचं काही अडलेलं नाही, हे मला मान्य आहे. तरी त्या एका प्रश्नासाठी मी वाशिमहून एसटीने अकरा वेळा कारंज्याला गेलो. चौथ्या खेपेनंतर घरच्यांनी कारण विचारणं सोडलं.

आडमार्गांवरच्या जुन्या डिझेल इंजिनांची माहिती जमवण्याचा मला नाद आहे. पण इथे प्रश्न नादापुरता नव्हता. गाडी कधीचीच बंद पडली आहे आणि शहरातल्या एका समितीने तिच्या आठवणीसाठी संगमरवरी फलक बसवायचं ठरवलं होतं. त्यावर ‘पहिले डिझेल इंजिन’ आणि खाली मान्यवरांची नावं येणार होती. आधार एका फोटोचा. फोटोत इंजिनाला हार, सात पुढाऱ्यांना हार. काम करणारं त्यात इंजिनच तेवढं दिसत होतं.

ऐंशी ओलांडलेला, वाफेच्या इंजिनात कोळसा घालणारा एक निवृत्त फायरमन मात्र वेगळंच सांगत होता. "पयलं डिझेल आमी आनलं. हारवाली गाडी त्याच्या आठ दिवसांनी आली."

चहा ठेवता ठेवता सून म्हणाली, "मामाजी रोज एक नवीन गाडी आनतेत."

म्हातारा माझ्याकडे वळला. "माह्यं नाव नका टाकू, सर. पन दगडावर खोटं लिवलं, तं मी मेल्यावरबी फेकूच ठरीन."

फलक कोरायला द्यायला महिना होता. मी रेल्वेला पत्र लिहिलं. जुने कागद मुदत संपल्यावर नष्ट केले जातात, असं नम्र उत्तर आलं. जुन्या लोकांना विचारलं, तर प्रत्येकाला हारच आठवत होते आणि प्रत्येक जण इंजिनाला टेकून उभा होता. फोटोत तीसेक माणसं आहेत. त्यात उभे असलेले मला पन्नास तरी भेटले.

सातव्या खेपेला फायरमनला मी म्हटलं, "काका, त्या दिवशी काय चुकलं ते सांगा." चुकलेलं माणूस विसरत नाही, असा माझा अनुभव आहे.

तो हसला. "चुकलं ना! डायवरनं सवयीनं गाडी पान्याच्या टाकीखाली नेऊन उभी केली. डिझेलले टाकी कायले पायजे? आन् समोर बाया बकिटा घेऊन उभ्या."

वाफेचं इंजिन सकाळी टाकीखाली पाणी भरायला थांबे. तेवढ्यात फायरमन नळीने बायांच्या बादल्यांत इंजिनाचं गरम पाणी सोडी. या बाया स्टेशनामागच्या भाजीच्या मळ्यांतल्या होत्या. बदल्यात मेथीची जुडी, कधी आंबट चुका. नियमात न बसणारा हा कारभार वर्षानुवर्षं चालला होता.

"कोण बाया?" मी विचारलं.

"एक हाये अजून, भाजीबजारात बसते. तुमीच जा. मले लय बोलली होती ते."

ती सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांवर पाणी मारत बसली होती. मी विषय काढताच हात थांबला.

"काहून नाही आठवन, भाऊ? भर थंडीत पोराइच्या आंघोळीचं पानी गेलं माह्यं. म्या म्हनलं, मुडद्या, पानी सोड. तं म्हन्ते, बाई, याच्यात तुह्यासाठी पानी नाही. म्या म्हनलं, मंग हे चालते कायच्यावर, तुह्या बापाच्या पुण्याईवर?"

"त्या दिवशी हार होते का, मावशी?"

"हार कायचे! कोनाले मालूमच नव्हतं. हार मंग झाले. तवा आमी पाह्याले गेलो."

"बादली घेऊन?"

"एकदा फजिती झाल्यावर बकेट कोन नेते?"

मी तिथून थेट समितीच्या अध्यक्षांच्या दुकानात गेलो आणि भिंतीवरच्या फोटोला भिंग लावलं. हारांच्या मागे, टाकीखाली, पाच बाया उभ्या. एकीच्या कडेवर पोर. दहाही हातांत बादली नाही.

"रिकामे हात हा काय पुरावा झाला?" अध्यक्ष म्हणाले.

"रोज बादली घेऊन येणाऱ्या बाया त्या दिवशी तशाच आल्या. गरम पाणी मिळणार नाही, हे त्यांना आधीच कळलेलं होतं."

"पण हारातले दोघं हयात आहेत, साहेब. वाईट दिसंन."

"फायरमनही हयात आहे."

पुढच्या बैठकीला मी मावशीला घेऊन गेलो. तिने फोटोवर बोट ठेवलं, "हे मी," आणि मुडद्यापासून पुण्याईपर्यंत सगळं पुन्हा सांगितलं. निम्मे सभासद तिच्याचकडून भाजी घेणारे. तिला खोटं ठरवणं कोणालाच परवडणारं नव्हतं. दीड तास चर्चा झाली, ठराव झाला. ‘पहिले’ गेलं, ‘स्वागत झालेले’ आलं. सगळी नावं जागच्या जागी राहिली. मजकूर कोरायला जाईपर्यंत मी खुर्ची सोडली नाही.

अकराव्या खेपेला मजकुराची प्रत फायरमनच्या घरी नेली. सुनेने ती मोठ्याने वाचली, मग पुन्हा एकदा मनात वाचली.

"म्हंजे मामाजी खरं सांगून राह्यले होते?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. मला विचारलं, "बाईनं बैठकीत मले मुडदा म्हनलं का?"

"दोनदा."

"मंग बराबर आठवलं तिले," तो म्हणाला, आणि सुनेने न विचारताच दुसरा चहा टाकला.