कासेत राहिलेलं दूध

शाळेच्या कॅन्टीनमध्ये कुणी कुठे बसायचं हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण पहिल्या आठवड्यातच प्रत्येकाला आपली जागा कळायची. खिडकीजवळचं टेबल खेळाडूंचं, त्यामागचं हुशारांचं, भिंतीकडे गाणं-नाटकवाले. आणि हात धुवायच्या नळाशेजारी, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्याचं पाणी अंगावर उडायचं, तिथे बसवाले. शहरातून बसने येणारीही पुष्कळ मुलं होती, त्यांना कुणी बसवाले म्हणत नसे. बसवाले म्हणजे शेतावरून येणारे. सरळ तसं म्हणायला जीभ रेटत नसेल, म्हणून हा सभ्य शब्द काढला होता. मुलांना एवढा सभ्यपणा आपोआप सुचत नाही, तो मोठ्यांकडूनच उचललेला असतो.

बारकी दोन वर्षं त्या नळाशेजारी बसली. घरात सगळ्यांत धाकटी म्हणून बारकी. घरी चौदा गाई होत्या. तेरा यंत्रावर मुकाट दूध द्यायच्या आणि चौदावी, टिकली, यंत्र दिसलं की लाथ झाडायची. टिकलीची आई विताना गेली होती आणि बारकीनेच तिला बाटलीने दूध पाजून मोठं केलं होतं. त्यामुळे टिकली पान्हवायची ती फक्त बारकीला. आईने बसून पाहिलं, बाबांनी पाहिलं, पण बाईसाहेब ढिम्म. बारकी आली की मात्र मान वळवून तिचा खांदा हुंगायची, लांब सुस्कारा टाकायची आणि दूध सोडायची. रोज सकाळी बस यायच्या आधी आणि संध्याकाळी बसमधून उतरल्यावर, हे काम बारकीचं.

या कामाने तिची मनगटं चांगली तयार झाली होती. दहावीच्या वर्षी व्हॉलीबॉलच्या संघातली एक मुलगी आजारी पडली, तेव्हा खेळाच्या बाईंनी समोर दिसली म्हणून बारकीला सर्व्हिस करायला लावली. पलीकडची मुलगी चेंडू अडवायला गेली आणि मटकन खाली बसली. संघाच्या कॅप्टनने जागच्या जागी बारकीचं नाव मनगट ठेवलं आणि दुपारी हाताला धरून खिडकीच्या टेबलावर नेलं. बारकीला त्या दिवशी आनंदाने घास गिळवेना. नळाकडे पाठ करून बसायचं, हे तिने पहिल्याच दिवशी शिकून घेतलं.

आठवडाभराने कॅप्टनने जेवता जेवता नाक मुरडलं. "वास कसला येतोय गं? कुणाच्या बुटाला काही लागलंय का?"

सगळ्या मुलींनी पाय उचलून बुटांचे तळवे बघितले. बारकीनेही बघितले. तिच्या बुटाला काही नव्हतं. वास बुटाचा नाही, केसांचा आहे, हे त्या टेबलावर एकट्या तिलाच कळलं होतं.

त्या दिवसापासून तिने वास घालवायला कंबर कसली. मोठ्या बहिणीचा वासाचा साबण, त्यावर बाटलीतला फवारा, गोठ्यात जाताना डोक्याला प्लॅस्टिकची टोपी, अंगात रेनकोट, हातात रबरी मोजे. आधी धारा काढून मग आंघोळ, असंही करून पाहिलं, पण गोठ्याचा वास केसांत मुरतो आणि बस काही थांबत नाही. मग ती सकाळ-संध्याकाळ, गोठ्यात जायच्या आधी आणि नंतरही, सुगंधातच वावरायला लागली.

टिकलीने पहिल्याच दिवशी खांदा हुंगला, फुर्र केलं आणि बाजूला सरकली. पान्हा चोरला. बाबा शेजारच्या गाईला यंत्र लावत होते. ते म्हणाले, "तिला तू सापडत नाहीयेस, बारके. ते अंगाला लावलेलं धुऊन टाक बघू."

बारकी हो म्हणाली आणि तिने काही धुतलं नाही. निम्मं-अर्धं जे दूध येईल ते काढायची, बाकीचं कासेत सोडून उठायची. बाबांनी विचारलं तेव्हा टिकली आटायला लागलीय असं तिने ठोकून दिलं. विऊन सात महिने झालेल्या गाईबद्दल हे कुणालाही पटलं असतं, आणि बाबांना तर तिचं काहीही पटायचं. कासेत दूध ठेवलं की काय होतं, हे तिला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. शेतावरच्या सहा वर्षांच्या पोराला ते माहीत असतं.

तीन आठवड्यांत कास तापली आणि लाकडासारखी टणक झाली. डॉक्टर आले, त्यांनी कास दाबून पाहिली आणि कासेत दूध राहत होतं का, असं सहज विचारलं. बारकी गरम पाण्याची बादली धरून उभी होती. बाबांच्या कपाळावर आठी चढली. "माझी मुलगी कासेत थेंब ठेवत नाही," ते म्हणाले. "दुसरं कारण शोधा, डॉक्टर."

बोलायचं असतं तर ते तेव्हाच. पण बोललं की टोपी आली, फवारा आला, खिडकीचं टेबल आलं, आणि आपल्याला आपल्याच घराची घाण वाटते हे बाबांच्या तोंडावर सांगणं आलं. बारकीने बादली खाली ठेवली आणि फडकं पिळायला घेतलं.

चारांतले तीन सड कायमचे गेले. अशी गाय कुणी दुसऱ्या गोठ्यासाठी घेत नाही. तिला न्यायला वेगळा ट्रक येतो, आणि तो कुठे जातो हे घरात कुणी विचारत नाही. ट्रक आला त्या दिवशी संघाचा सामना होता. पण टिकली फळीवर पाय ठेवेना. दोघांनी ओढलं, एकाने मागून रेटलं. शेवटी बाबांनी बारकीला हाक मारली.

बारकी दोन दिवस कास शेकत गोठ्यातच बसून होती. साबण नाही, टोपी नाही. ती जवळ गेली तशी टिकलीने मान वळवून तिचा खांदा हुंगला, लांब सुस्कारा टाकला आणि तिच्या मागोमाग निमूट फळी चढली. वर पोचेपर्यंत तिच्या उरलेल्या एका सडातून दूध गळायला लागलं होतं. इतक्या दिवसांनी तिला तिचं माणूस सापडलं होतं.

ट्रकवाल्याने मागचं दार लावलं. बाबांनी बाहीने डोळे पुसले आणि त्याला म्हणाले, "बघितलंत? हिच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही."

संघ तो सामना तिच्याशिवाय हरला, पण कुणी तिला फार बोललं नाही. शाळा संपेपर्यंत ती खिडकीच्या टेबलावर बसली, आणि शाळा संपल्यावर त्यांतल्या एकीनेही तिला कधी फोन केला नाही. आता तिची पंचेचाळिशी उलटली आहे. शहरात एका कापडाच्या दुकानात ती पडद्याचं कापड मोजून, कापून देते. घरात कुत्रंसुद्धा पाळू देत नाही, आणि का ते मुलांना सांगत नाही.

बाबा शेवटचे दोन महिने हॉस्पिटलात होते. कुणीही खोलीत आलं, अगदी लादी पुसायला आलेली बाई असली, तरी ते तिला थांबवून एका गाईची गोष्ट सांगायचे. ती गाय फक्त आमच्या बारकीला दूध द्यायची, फार जीव होता हिचा तिच्यावर, असं म्हणून उशाशी बसलेल्या लेकीकडे बोट दाखवायचे. बारकी मान हलवायची. दोन महिन्यांत तिने ती गोष्ट निदान चाळीस वेळा ऐकली, आणि एकदाही दुरुस्त केली नाही.